माझ्या पुढे किती जण?

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. ती हैदराबादला हॉटेलात होती आणि सकाळी सहाला तिला विमान घेऊन परतायचं होतं. एरवी अशा वेळी ती केव्हाच झोपलेली असते. "मामा, कंपनी विलीन होणार हे नक्की झालं. नव्या कराराचं पत्र आलंय. दुसऱ्या एअरलाइनचं बोलावणंही आहे. राहू की जाऊ?"

"आता झोप," मी म्हटलं. "शनिवारी घरी ये. येताना ते पत्र आण आणि तुमची सीनियॉरिटी लिस्ट छापून आण."

"लिस्ट कशाला? मला पगाराचं कळत नाहीये."

ही गोष्ट २०२४ च्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी आपल्याकडे दोन विलीनीकरणं झाली. १ ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली. १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात मिसळली. भाची यांतल्या कोणत्या कंपनीत होती ते लिहू नकोस असं तिनं मला बजावलं आहे. नोकरी चालू असलेल्या माणसाचं ते बरोबरच आहे. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकली, दोनशे तासांचं उड्डाण पुरं करून परवाना मिळवला, मग एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याचं खास प्रशिक्षण, केलं. या सगळ्यापायी माझ्या ताईनं आणि भावोजींनी ठाण्याचा फ्लॅट तारण ठेवला. त्यामुळे राहू की जाऊ हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता.

मी स्वतः पस्तीस वर्षं प्रवासी विमानं चालवली आणि पासष्ट पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे थांबलो. माझ्या नोकरीच्या मध्यावर माझीही कंपनी दुसरीत मिसळली होती. पुढं लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या वर्षांनी शिकवलेलं आहे.

वैमानिक नोकरीला लागतो त्या दिवशी त्याला एक आकडा मिळतो: सीनियॉरिटीच्या यादीतला त्याचा नंबर. अमेरिकेत जवळजवळ सगळंच त्या नंबरावर ठरतं. विमान कोणतं, शहर कोणतं, महिन्याचं रोस्टर कसं, नाताळात घरी कोण आणि कामावर कोण. आपल्याकडे कंपन्या बाहेरून तयार कॅप्टन थेट घेतात, म्हणून नंबराची पकड थोडी सैल आहे. तरीही कंपनीत आतल्या आत वर चढणाऱ्यांची रांग यादीप्रमाणेच लागते. उजव्या सीटवरून डाव्या सीटवर, म्हणजे को-पायलटचा कॅप्टन कधी होणार. आणि ए३२० वरून मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानावर कधी जाणार. आम्ही पहिल्याला नुसतं 'कमांड' म्हणतो. "त्याची कमांड झाली" हे वाक्य आमच्या घरांत "त्याचं लग्न ठरलं" इतक्याच आनंदानं उच्चारलं जातं.

हा नंबर बरोबर नेता येत नाही. बँकेतला अनुभवी अधिकारी दुसऱ्या बँकेत बहुधा वरच्या पदावरच जातो. वैमानिक कंपनी सोडतो तेव्हा लॉगबुकातले तास त्याच्याबरोबर जातात, नंबर तिथंच राहतो. नव्या यादीत तो शेवटचा. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. त्यानंतरच्या वर्षात पार्ल्याच्या बाजारात मला असे कॅप्टन भेटत, ज्यांना नोकरी मिळाली होती, डावी सीटही मिळाली होती, पण यादीत त्यांचं नाव कालच्या मुलांच्या खाली होतं. म्हणून सोडून जाण्याला किंमत असते. राहण्यालाही असते, कारण विलीनीकरणात तुम्ही जागचे न हलताही तुमचा नंबर बदलतो.

देवळात दर्शनाच्या दोन रांगा असाव्यात आणि गाभाऱ्याच्या तोंडाशी एकच दार उघडं ठेवावं, तसं ते असतं. कोण कोणाच्या मागं उभं राहणार? एक मार्ग म्हणजे नोकरीला लागल्याची तारीख पाहायची. ऐकायला न्याय्य वाटतं, पण एक कंपनी साठ वर्षांची आणि दुसरी दहा वर्षांची असेल तर जुन्या कंपनीतले लोक सरसकट वर जाऊन बसतात. दुसरा मार्ग, मोठ्या कंपनीची यादी जशीच्या तशी आणि तिच्या खाली छोटीची. तिसरा मार्ग प्रमाणाचा. मोठ्या विमानांचे कॅप्टन, छोट्यांचे कॅप्टन, मग को-पायलट असे थर पाडायचे आणि प्रत्येक थरात इकडचे दोन, तिकडचा एक, अशी नावं गुंफत जायचं. तिन्हींत कोणीतरी रडतंच. शनिवारी भाची आली तेव्हा ही तिन्ही चित्रं मी तिला लिस्टच्या मागच्या कोऱ्या पानावर काढून दाखवली.

हे वेळेवर नीट झालं नाही तर काय होतं, त्याचं सर्वांत दुखरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यूएस एअरवेजचे वैमानिक वयानं आणि नोकरीनं जुने, पण कंपनी दिवाळखोरीत गेलेली आणि तिचे शेकडो वैमानिक घरी बसवलेले. अमेरिका वेस्ट नवी आणि चालती. वाद लवादाकडे गेला. जॉर्ज निकोलाऊ या लवादानं मे २००७ मध्ये निवाडा दिला. सर्वांत जुन्या, मोठी विमानं चालवणाऱ्या काहीशे जणांना माथ्यावर ठेवलं, मधल्यांना गुंफलं, घरी बसवलेल्यांना तळाशी घातलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी भरती झालेला माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्या तरुणाच्या मागं आला. बहुसंख्य असलेल्या जुन्यांनी आपली युनियनच बाजूला सारली, २००८ मध्ये नवी काढली, आणि निवाडा अंमलात येऊ दिला नाही. एकाच रंगाच्या विमानांत पूर्वेकडचे, म्हणजे यूएस एअरवेजचे, आणि पश्चिमेकडचे, म्हणजे अमेरिका वेस्टचे, वैमानिक वर्षानुवर्षं वेगवेगळे उडत राहिले. २०१३ च्या डिसेंबरात ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये गेली आणि अखेरची एकत्र यादी २०१६ मध्ये लागली. अकरा वर्षं! पस्तिशीतला माणूस सेहेचाळीसचा होतो तेवढी.

अमेरिकेत २००७ च्या अखेरीस कायदाच झाला, की विमान कंपन्या एकत्र आल्या तर याद्या न्याय्य रीतीनं जोडल्या पाहिजेत आणि जमलं नाही तर लवादाकडे गेलं पाहिजे. आपल्याकडे असा कायदा नाही. विलीनीकरणाची योजना कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. विस्ताराची जून २०२४ मध्ये चंडीगडच्या पीठानं मंजूर केली. अशा योजनांत कर्मचाऱ्यांबद्दल सहसा एक ठरावीक कलम असतं: नोकरी अखंड धरली जाईल, अटी आधीपेक्षा वाईट नसतील. रांगेत कोण कुठं, ते व्यवस्थापन ठरवतं. मला हे फार चुकीचं वाटतं. तीस वर्षांच्या आयुष्याचा आराखडा ज्या कागदावर ठरतो, तो कसा तयार झाला हे विचारण्याचा हक्क त्या माणसाला कायद्यानं मिळायला हवा.

तसा आपला अनुभव लहान नाही. इंडियन एअरलाइन्स स्वतःच विलीनीकरणातून जन्मली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि आठ खासगी कंपन्यांची देशांतर्गत सेवा मिळून ती उभी राहिली. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे गेली. पुढची चोपन्न वर्षं या दोन बहिणी शेजारी राहूनही वेगळ्या चुलीवर जेवल्या. पगाराची रचना वेगळी, भत्ते वेगळे, युनियन वेगळ्या. २००७ मध्ये सरकारनं त्यांना एकत्र केलं, पण चूल एक झाली नाही. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. मग सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि तिनं जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले. नवं बोइंग ७८७ ड्रीमलायनर यायचं होतं आणि त्याचं प्रशिक्षण दोन्हीकडच्यांना मिळणार होतं. एअर इंडियावाल्यांना वाटत होतं की लांब पल्ल्याचं विमान म्हणजे आमची रांग. संप ५८ दिवस चालला आणि शंभराहून अधिक वैमानिकांना बडतर्फ करण्यात आलं. कागदोपत्री कंपनी एक होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

माझ्या कंपनीत संप झाला नाही. झालं ते घरातल्या घरात. नवी यादी लागली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा कॅप्टन होतो आणि मोठ्या विमानाच्या रांगेत माझ्या पुढं चाळीस जण होते. सकाळी नोटीस बोर्डापाशी बोट खाली खाली नेत मी माझं नाव शोधलं. पुढं आता एकशे नव्वद जण होते. त्यांतला एक, माझ्याहून चार वर्षांनी लहान, तिकडचा. पुढं त्याच्याबरोबर एकदा माझी रात्रीची फ्लाइट लागली. दोघंही कॅप्टन, मी डावीकडे आणि तो उजवीकडे, तपासणीच्या कामासाठी. चार तास आम्ही चेकलिस्टपलीकडे एक शब्द बोललो नाही. अरबी समुद्रावर चंद्र इतका स्वच्छ होता की पंखाची कड दिसत होती. असं काही दिसलं की बाजूच्याला दाखवायची मला सवय होती. त्या रात्री मी दाखवलं नाही. यादी त्यानं केली नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानंतर दोन वर्षांनी तो गेला, हृदयविकारानं. हे मी भाचीला आधी कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी सांगितलं.

मग आम्ही हिशेबाला बसलो.

तिनं पत्रातल्या एका ओळीवर पिवळी खूण केली होती: हमीचे तास. वैमानिकाचा पगार बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या तासांवर असतो, पण ठरावीक तासांचे पैसे, उडा किंवा न उडा, मिळतातच. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारात याच मुद्द्यावरून असंतोष झाला होता. आधीच्या ७० तासांऐवजी नव्या करारात ४० तासांची हमी होती. कितीतरी वैमानिक कामावर आले नाहीत आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. चांगल्या महिन्यात माणूस चाळीसच्या वर उडतोच, मग फरक कुठं पडतो? वाईट महिन्यात पडतो. आजारपणात, विमानं जमिनीवर उभी असताना, बाईमाणसाला बाळंतपणात. म्हणून ती ओळ वाचायलाच हवी, भाचीनं तर नक्कीच. पण पगाराचा करार काही वर्षांनी पुन्हा होतो. तिच्या पुढं छत्तीस वर्षं होती.

म्हणून मी लिस्ट पुढ्यात ओढली. तिच्या जुन्या कंपनीत कमांडच्या रांगेत तिच्या पुढं २४० जण होते. एकत्र यादी प्रमाणाच्या पद्धतीनं लागली तर साधारण ९०० होतील, असा अंदाज निघाला. तिचा चेहरा पडला. माझाही त्या नोटीस बोर्डापाशी असाच पडला असणार. पण रांगेची लांबी हा अर्धाच हिशेब आहे. रांग सरकते किती वेगानं?

एक ए३२० दिवसाला बारा तास उडतं असं धरा. वर्षाचे सुमारे ४,४०० तास झाले. एका वैमानिकाला नियमानं वर्षात १,००० तासांच्या वर उडता येत नाही. प्रशिक्षण, रजा, विश्रांती धरता हाताला आठशे-साडेआठशे लागतात. म्हणजे एका विमानाला पाच-साडेपाच कॅप्टन हवेत; आपण पाच धरू. जुनी कंपनी वर्षाला पाच विमानं घेणार होती: २५ नवे कॅप्टन, शिवाय पाच निवृत्त. रांग वर्षाला तीसनं सरकली असती. २४० भागिले ३०, आठ वर्षं. एकत्र कंपनीनं वर्षाला वीस विमानं घेतली तर १०० नव्या जागा, अधिक पंधरा निवृत्त. ९०० भागिले ११५. पुन्हा आठच वर्षं. नंबर २४० वरून ९०० वर घसरला आणि वाट पाहणं जिथल्या तिथं राहिलं. तिनं पेन्सिल हातात घेऊन स्वतः दोनदा भागाकार केला.

हे आकडे मी समजण्यापुरते गोल केलेले आहेत. खरी मेख विमानं वेळेवर येण्यात आहे. वीसऐवजी दहाच आली तर ९०० भागिले ६५, जवळजवळ चौदा वर्षं. एअर इंडियानं २०२३ मध्ये एअरबस आणि बोइंगकडे मिळून ४७० विमानं मागवली, त्याच वर्षी इंडिगोनं एका फटक्यात ५००. वाचताना छाती भरून येते. पण मागवलेलं विमान आणि उभं राहिलेलं विमान यांत कारखान्याचा उशीर असतो, सुट्या भागांची टंचाई असते. गो फर्स्टनं ३ मे २०२३ ला उड्डाणं थांबवली तेव्हा इंजिनं वेळेवर मिळत नाहीत हेच कारण दिलं होतं. म्हणून भाचीला मी म्हटलं, कंपनीनं किती मागवली ते पाहू नकोस. मागच्या दोन वर्षांत किती येणार म्हणाले होते आणि किती आली, तेवढं बघ.

दुसरी गोष्ट वयांची. पुढच्या नऊशे जणांत पन्नाशीपुढचे किती आणि तिशीतले किती? जुन्या सरकारी कंपनीतले ज्येष्ठ येत्या दहा वर्षांत जातील. नव्या कंपनीतले पस्तिशीतले कॅप्टन अजून तीस वर्षं डाव्या सीटवर बसणार आहेत. तिला बहुतेकांची जॉइनिंगची वर्षं माहीत होती. आम्ही पानांवर टिंबं देत गेलो, निळी तरुणांची, लाल ज्येष्ठांची. माथ्यावर लाल दाट होती. म्हणजे मोठ्या विमानांच्या जागा तिच्या चाळिशीच्या आसपास मोकळ्या होऊ लागतील. दुसऱ्या एअरलाइनकडं रांग लांब पण वेग जास्त, कमांड बहुधा एखादं वर्ष लवकर. मात्र तिथं लांब पल्ल्याची मोठी विमानं तेव्हा नावालाच होती.

बाकीचं आम्ही भराभर पाहिलं. बेस मुंबईच राहणार का, की दिल्लीला जाऊन राहावं लागणार. प्रशिक्षणाचा बाँड विलीनीकरणानंतर किती उरतो. वैद्यकीय कारणानं परवाना गेला तर भरपाई देणारा गटविमा नव्या कंपनीत तेवढाच आहे का; हे विचारायला वैमानिक हमखास विसरतात. आणि नोटीस. २०१७ पासून विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए हिच्या नियमानं को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे जायचंच असेल तर कमांडच्या आधी जाणं सोपं, नंतर अवघड.

एका गोष्टीबद्दल मात्र मी बराच वेळ बोललो. दोन कंपन्यांचे वैमानिक एका कॉकपिटमध्ये बसण्याआधी दोघांची बोली एक व्हावी लागते. तेच विमान, तीच बटणं, पण चाकं खाली करताना कोणी कोणता शब्द म्हणायचा, लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं तर कोण काय उच्चारणार, हे प्रत्येक कंपनीचं आपलं असतं. दहा वर्षं घोकलेला शब्द दमलेल्या पहाटे आपोआप तोंडातून निघतो, आणि शेजारचा दुसऱ्याच शब्दाची वाट पाहत असतो. त्यासाठी मॅन्युअल एक करतात, सिम्युलेटरमध्ये सराव घेतात. जी कंपनी या कामाला वेळ आणि पैसा देते, तिचं विलीनीकरण बहुधा चांगलं चाललेलं असतं. पहिल्या दिवशी विमानांना नवा रंग लावणं त्यामानानं सोपं आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला, काय ठरलं म्हणून. मी सांगितलं, ती ठरवेल. भाची पानं गोळा करून डोंबिवलीला मैत्रिणीकडे गेली आणि चार दिवसांनी कळवलं: राहतेय. कारण विचारलं तर म्हणाली, लाल टिंबं. मी तिच्या जागी काय केलं असतं ते मी तिला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मीही राहिलो असतो, पण मी तेव्हा राहिलो होतो म्हणून मला तसं वाटतं की काय, हे मला ठरवता आलेलं नाही.

विलीनीकरण झालं. एकत्र यादी यायला वेळ लागला. आली तेव्हा तिच्या पुढं आमच्या अंदाजापेक्षा सव्वाशे जण जास्त होते. तिनं फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. त्याच आठवड्यात रात्री पुन्हा फोन वाजला.

"मामा, उद्या पहिल्यांदा तिकडच्या कॅप्टनबरोबर आहे. दिल्ली आणि परत. तो माझ्याहून दीडच वर्षानं मोठा आहे. काय बोलू त्याच्याशी?"

"रिपोर्टिंग किती वाजता?"

"चार दहा."

"मग ब्रीफिंग झालं की चहा पिणार का विचार. आणि घरी कोण कोण असतं ते विचार."

"बस, एवढंच?"

"वर गेल्यावर चंद्र असला तर दाखव त्याला," मी म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग गजर लावते म्हणाली.